वसंतराव नाईक : तांड्यावरून विधानभवनात

कै. वसंतराव नाईकांचे नाव आपल्याकडे १ जुलैला, कृषिदिनी निघते. फोटोला हार पडतो, नारळ फुटतो आणि पुढच्या जुलैपर्यंत विषय संपतो. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले हे गृहस्थ आधी पुसदच्या नगरपालिकेत बसत होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यात झाला. बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या समाजातला हा मुलगा आसपासच्या गावांत पायपीट करीत शिकला आणि १९४० साली नागपूरहून वकील होऊन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी त्यांनी वत्सलाताई घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी ही गोष्ट दोन्हीकडच्या मंडळींना सहज पचणारी नव्हती.

१९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये आमदार आणि मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री, पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात मंत्री, आणि १९६० नंतर महाराष्ट्राचे महसूलमंत्री. गावगाड्याचा कारभार गावाकडे कसा द्यावा, हे ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. आपल्यापैकी बहुतेकजण जिल्हा परिषदेच्याच शाळेत अक्षरे गिरवून इथवर आलो. मला तरी त्यांचे हे काम सर्वांत मोठे वाटते.

५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. धान्याची टंचाई होती. १९६५ मध्ये पुण्याला शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर केले, की दोन वर्षांत राज्य स्वयंपूर्ण झाले नाही तर आपण फासावर जाऊ. संकरित ज्वारी रानोमाळ गेली, कृषी विद्यापीठे निघाली. तोंडात पाईप, अंगावर नीटनेटका पोशाख, आणि बोलणे पेरणी-खताचे, असा हा साहेब होता. (त्यांच्याच कारकिर्दीत १९७० साली सिडको निघाली आणि खाडीपलीकडे दुसरी वाशी उभी राहिली. आपण गावाचे नाव सांगितले की परगावचे लोक लोकलचे भाडे विचारतात ते त्यामुळेच!)

मग १९७२ चा दुष्काळ आला. माझी आजी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती खडी फोडायला जाई. सुकडी मिळे ती पदरात बांधून धाकट्या भावंडांसाठी आणी. तिच्या उजव्या अंगठ्याचे नख तेव्हा गेले ते नीट आलेच नाही. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर आली. आजीला मुख्यमंत्र्यांचे नाव आठवत नाही, हजेरी घेणारा मुकादम मात्र आठवतो.

सगळेच गोडवे गाता येणार नाहीत. हायब्रीड आले, पण पाणी आले नाही. मराठवाड्याचे रस्ते, रेल्वे, नोकऱ्या, सिंचन हे प्रश्न तसेच राहिले आणि १९७४ साली मराठवाड्यातले विद्यार्थी विकासासाठी रस्त्यावर उतरले. तेही आपल्याच वयाचे होते. ज्या कारभारात एवढ्या लोकांना उपाशी मरू दिले नाही, त्याच कारभारात एक अख्खा विभाग मागे का राहिला, याचे उत्तर मला मिळालेल्या चरित्रांत नाही. चरित्रकार तेवढे पान भरभर उलटतात.

फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी पद सोडले व मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९७७ साली देशभर काँग्रेस कोसळत असताना नाईक वाशिममधून लोकसभेवर निवडून आले आणि विरोधी बाकांवर बसले. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सिंगापूरमध्ये त्यांचे निधन झाले.