लुई ब्लेरिओ : काठीवर पेललेलं विमान

विमान म्हटलं की आपल्याला राइट बंधू आठवतात. पण आज एखाद्या हौशी माणसानं गॅरेजमध्ये स्वतःचं छोटं विमान बांधायला घेतलं, तर गुडघ्यांच्या मध्ये उभी काठी आणि पायाखाली पेडल ही जी मांडणी तो बहुधा करतो, ती राइट बंधूंची नाही. ती रूढ केली लुई ब्लेरिओ या फ्रेंच इंजिनिअरनं.

१ जुलै १८७२ रोजी कांब्रे गावी जन्मलेला ब्लेरिओ १८९५ साली पॅरिसच्या एकोल सांत्रालमधून इंजिनिअर झाला. मोटारींसाठी ॲसिटिलीनचे दिवे बनवून त्यानं चांगला पैसा कमावला आणि तो सगळा उडण्याच्या नादात घालवला! आधी पंख फडफडवणारं यंत्र करून पाहिलं, ते उडालं नाही. १९०७ या एकाच वर्षात त्यानं तीन वेगवेगळ्या रचनांची विमानं बांधली आणि तिन्ही मोडली. घरात बायकोच्या हुंड्याची रक्कमसुद्धा संपत आली होती.

पण प्रत्येक मोडतोडीतून तो एकच प्रश्न सोडवत होता. विमान तीन अक्षांभोवती फिरतं आणि माणसाला हात दोनच! त्या काळच्या आंत्वानेत विमानात वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक असे. एकानं नाक वर-खाली, दुसऱ्यानं तोल. दोन्ही हात अडकले की इंजिनाकडे कोण बघणार?

ब्लेरिओनं १९०८ च्या आठव्या विमानात हातासाठी एक काठी आणि पायासाठी रडर अशी वाटणी केली. काठी पुढे ढकलली की नाक खाली, मागे ओढली की वर. डावीकडे कलली की विमानही डावीकडे. म्हणजे पाठ करायला काहीच नाही! काठीच्या तळाशी घंटेच्या आकाराचा भाग होता, त्याच्या कडेला तारा जोडलेल्या. वर लांब दांडा, खाली तारा सांध्याच्या जवळ. साधा तरफेचा नियम. वरच्या टोकाला छोटं चाक होतं, पण ते फिरत नसे, नुसतं धरायला. काठीची कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. एस्नो-पेल्टेरीही त्याच वाटेवर होता. पण ती चालते हे ब्लेरिओनं जगाला दाखवलं.

कसं? इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यासाठी डेली मेल या पेपरनं १००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९ जुलै १९०९ ला लॅथमचं आंत्वानेत इंजिन बंद पडून समुद्रात उतरलं. २५ जुलैच्या पहाटे भाजलेला पाय घेऊन ब्लेरिओ आपल्या अकराव्या विमानात बसला. इंजिन अवघं २५ हॉर्सपॉवरचं, सोबत होकायंत्रही नाही. मध्ये काही मिनिटं दोन्ही किनारे दिसेनासे झाले. डोव्हरजवळ वाऱ्यानं झोडपलं, उतरताना चाकं आणि पंखा मोडला. पण सुमारे साडेछत्तीस मिनिटांत खाडी पार झाली होती!

त्यानंतर त्या विमानाच्या शंभराहून जास्त ऑर्डरी आल्या. विमानांसोबत काठी आणि पायाचा रडरही देशोदेशी गेला. ब्लेरिओ १ ऑगस्ट १९३६ रोजी वारला. त्याचं खाडी ओलांडणारं विमान पॅरिसच्या संग्रहालयात आहे. पुढे विमानांचे पंख बदलले, इंजिनं बदलली, पण ती वाटणी बदलली नाही. आज मोठ्या प्रवासी विमानांत काठीच्या जागी कुठे हँडल, कुठे बाजूला छोटी स्टिक असते. तरी हातानं नाक आणि तोल, पायानं रडर हे गणित तेच.

आपल्याकडेही या गोष्टीचा एक धागा पोचला आहे. लहानपणी जे.आर.डी. टाटा उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्देलोला राहत आणि ब्लेरिओ कुटुंब त्यांच्या शेजारी होतं. विमानाचं वेड त्यांना तिथेच लागलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते पुस मॉथ विमानानं मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या हातात काठीच होती.