सावित्रीबाई फुले : तान्ह्या जिवांची आई



मुलींच्या पहिल्या शिक्षिका म्हणून आपण सावित्रीबाईंना ओळखतो. आज आम्ही त्यांच्या दुसऱ्या सेवेची आठवण करून देत आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली त्यांचा जोतीरावांशी विवाह झाला आणि १८४८ साली या दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या काळी ब्राह्मण विधवेला पुनर्विवाह नव्हता. एखादी फसवली गेली, तर दोष तिलाच. पुण्यातील अशाच एका विधवेने लोकलाजेपोटी आपले बाळ मारले व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने व्यथित होऊन फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, बाळ सोबत न्यावे किंवा तिथेच ठेवावे, अशी मोकळीक होती.

१८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांची केवळ ५ बाळे जगली. गर्भ लपवण्यासाठी आईने घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली, असे जोतीरावांनी नोंदवले आहे. एवढी बाळे गेली, तरी दार बंद झाले नाही. तिथे जन्मलेल्या एका बाळाला त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. तोच यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी पुण्याबाहेर रुग्णांची सेवा केली. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्या आपल्या ख्रिस्तसभेतील नव्हत्या. पण लहानग्याला स्वीकारणे म्हणजे काय, हे त्यांनी जगून दाखवले. बाळ जन्मले म्हणजे वाचले असे नाही. त्याला पुढेही कोणीतरी लागते.

आज मानवतमध्येही कमी वजनाचे बाळ दवाखान्यातून घरी येते, तेव्हा आईची खरी परीक्षा सुरू होते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांना दार उघडा, त्यांचे ऐका. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल किंवा धाप लागली असेल, तर अंगारे-धुपारे न करता लगेच डॉक्टरांकडे न्या.

शेजाऱ्यांनी डबा द्यावा, तपासणीला सोबत जावे, थोरल्या लेकरांना सांभाळावे. बाळ अशक्त का, मुलगीच का, असे मात्र आईला विचारू नये. असे घर आपल्या माहितीत असेल, तर मिस्सानंतर आम्हाला जरूर सांगा. आपण मिळून जाऊ.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू