सोलापूरचे वसतिगृह आणि बाबासाहेब

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ क्रमांकावर नोंदले गेले. ही तारीख आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरी करतो. पण पटावर नाव लागले तरी वर्गात जागा मिळाली नव्हती. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही इतरांपासून दूर. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसला की दिवसभर तहानलेले राहायचे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला फळ्याकडे निघाले, तर फळ्यामागचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी गलका केला. संस्कृत नाकारले, म्हणून फारसी घेतली.

त्याच काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपणहून विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र हाती ठेवले. बडोद्याची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही तेच पुढे होते.

कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण घेऊन आल्यावर बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. शाळेत मूल एकटे पडले की काय होते, हे त्यांनी सोसलेले होते. म्हणून नुसती फी भरून ते थांबले नाहीत. राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके हा सगळा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. कारभार जिवाप्पा ऐदाळे यांनी पाहिला. पुढे ते विधिमंडळातही गेले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सभेच्या प्रोत्साहनाने विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवत. दिवसभर अपमान गिळून आलेल्या मुलाला संध्याकाळी आपल्यासारख्यांची सोबत आणि मन मोकळे करायला स्वतःचे पान! आज शाळाशाळांत समुपदेशक नेमा अशी मागणी होते, ती रास्तच आहे. पण आपल्या वसतिगृहांत मुलांचे असे मासिक किती ठिकाणी निघते, हे कार्यकर्त्यांनी एकदा जाऊन पाहावे.

नंतर १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय. त्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंद नाव दिले आणि परिसराला नागसेनवन: प्रश्न विचारणारा राजा आणि त्याला उत्तरे देणारा भिक्खू.