दोन आडनावांच्या संशोधिका : डॉ. कमला सोहोनी

‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान-साप्ताहिकात १९३९ साली पुष्पधारी वनस्पतींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेझ या विकराविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. लेखक होते हिल आणि भागवत. त्यानंतर सोळा वर्षांनी त्याच साप्ताहिकात, वाल आणि डबल बी यांतून स्फटिकरूपात वेगळ्या काढलेल्या ट्रिप्सिनरोधकांविषयी दुसरे टिपण आले. त्यावर पहिले नाव होते सोहोनी. यातील भागवत आणि सोहोनी या एकच व्यक्ती, हे निबंधसूची चाळणाऱ्याला आपोआप कळण्याचा मार्ग नाही.

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. थोरली बहीण दुर्गा भागवत. ज्या दुर्गाबाईंनी जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने मराठीत आणल्या, त्यांची ही धाकटी बहीण, एवढी ओळख आपल्या वाचकांना पुरेशी आपलेपणाची वाटेल.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून त्यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. गांधीयुगातील या मुलीने त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह : पहिले वर्ष परीक्षणाचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ न देणे. तिसरी अट अपमानाचीच होती, आणि कमलाबाईंनी तो कधी विसरला नाही. मात्र श्रीनिवासय्या यांच्या हाताखालचे त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली, हेही नोंदवले पाहिजे.

पुढे केंब्रिज. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत डेरेक रिक्टर यांच्यासमवेत त्यांनी प्राणिज विकरांवर काम केले. १९३९ साली ब्लाश्को आणि रिक्टर यांच्यासह लिहिलेला अमाइन ऑक्सिडेझवरील निबंध त्या विकराच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक आहे. पुढे याच विकराला रोखणारी औषधे नैराश्याच्या विकारावर वापरात आली. रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांना आढळले. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

संशोधकाचा प्रभाव आज प्रामुख्याने त्याच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला, यावरून मोजला जातो. या मोजणीचा पाया घालणारी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ साली निघाली. तिच्या छापील खंडांत हवाला दिलेला निबंध केवळ पहिल्या लेखकाच्या नावाखाली लागत असे. परिणामी ‘नेचर’मधील १९३९च्या टिपणाचे हवाले हिल यांच्या नावे जमा झाले. विवाहापूर्वीचे निबंध भागवत नावाखाली, १९४७ नंतरचे सोहोनी नावाखाली. ज्या स्त्रियांनी लग्नानंतर नाव बदलले, त्या सर्वांच्याच खात्याची अशी फाळणी झाली. ही कोणाची दुष्टबुद्धी नव्हे, सूची करण्याची रीतच तशी होती. पण तिचा भुर्दंड स्त्रियांनाच अधिक पडला.

दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा असा प्रवास करून कमलाबाई विवाहानंतर मुंबईत स्थिरावल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. संचालकपदही मिळाले, पण उशिराने. येथे त्यांनी विषय निवडले ते गरिबाच्या ताटातले. वालासारख्या कडधान्यांत प्रथिने भरपूर, परंतु ती पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडविणारी द्रव्येही त्यांत असतात. नीट शिजविल्याने त्यांचा जोर बराचसा ओसरतो. वसईपासून डहाणूपर्यंत वालाची उसळ न खाल्लेले घर विरळाच. तिच्यामागचे हे शास्त्र ज्यांनी उलगडले, त्यांत कमलाबाई आघाडीवर होत्या.

दुसरा विषय नीरा. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी तो हाती घेतला. ताडा-शिंदीचा हा रस आपल्या किनाऱ्याला नवा नाही; पण सूर्य चढला की तो आंबतो आणि त्याची ताडी होते, म्हणून त्याची कीर्ती डागाळलेली. ताज्या नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असल्याचे, तसेच ती आटवून केलेल्या गुळातही जीवनसत्त्वे टिकत असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलांच्या व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती लक्षणीय सुधारली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. जी मुले सुधारली, त्यांनी कोठे हवाला देण्याचा प्रश्नच नव्हता. पालघर जिल्ह्यातून आलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. भेसळीविरुद्ध त्या झटल्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. असे लेखन कोणत्याही विज्ञानसूचीत धरले जात नाही.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.