पॅरालिसिसने डावं अंग गेलं, रेबीजची लस मात्र त्यानंतर आली!

लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला रेबीजची लस आठवते. पण ती लस येण्याच्या १७ वर्षं आधीच या माणसाचं अर्धं अंग लुळं पडलं होतं.

तारीख होती १९ ऑक्टोबर १८६८. पाश्चर फक्त ४५ वर्षांचे होते. मेंदूला झटका बसला आणि डावी बाजू गेली. ते आता वाचत नाहीत असं धरून त्यांच्या नव्या प्रयोगशाळेचं बांधकामही थांबवलं गेलं.

पत्नी मारी यांनी त्याआधी ७ वर्षांत तीन मुली गमावल्या होत्या. आता नवरा अंथरुणाला खिळला.

सुदैवाने इजा मेंदूच्या उजव्या बाजूला होती. बहुतेकांमध्ये भाषेची केंद्रं डाव्या बाजूला असतात. त्यामुळे पाश्चर यांचं बोलणं सावरलं. आठवड्याभरात त्यांनी पडल्या पडल्या रेशीमकिड्यांच्या रोगावरचं टिपण सांगितलं, विद्यार्थ्याने ते लिहून घेतलं.

जानेवारी १८६९ मध्ये, धड चालता येत नसताना ते दक्षिण फ्रान्सला कामावर गेले. मारी आणि मुलगी सोबत होत्या. पाश्चर सांगायचे, मारी लिहून घ्यायच्या. असं करत १८७० मध्ये पुस्तक आलं.

डावा हात पूर्ण बरा झालाच नाही. नाजूक प्रयोग सहकारी करायचे. तरीही १८८५ मध्ये ९ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला रेबीजची लस मिळाली.

१८९५ मध्ये पाश्चर गेले, १९१० मध्ये मारी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दोघांच्याही समाध्या आहेत.