बुखाऱ्याच्या ग्रंथालयातील विद्यार्थी : इब्ने सीना



शाळेच्या ग्रंथालयावरून तुम्ही रोज जाता. मधल्या सुट्टीत, खेळाच्या तासाला, घरी निघताना त्याचे दार तुमच्या दृष्टीस पडते. त्या दाराच्या आत तुमच्यापैकी कितीजण गेले आहेत, हे मी विचारीत नाही; त्याचे उत्तर तुमचे तुम्हालाच ठाऊक आहे. मी तुम्हाला अशा एका मुलाची हकिगत सांगणार आहे, की ज्याला ग्रंथालयात पाऊल ठेवण्याची परवानगी एका राजाकडून मागून घ्यावी लागली.

त्याचे नाव अबू अली हुसैन बिन अब्दुल्लाह. जग त्याला इब्ने सीना म्हणून ओळखते. इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना या खेड्यात त्याचा जन्म झाला. बुखारा आज उझबेकिस्तानात आहे. त्या काळी ते सामानी घराण्याच्या अमिरांची राजधानी होते. वडील अब्दुल्लाह हे मूळचे बल्खचे, सरकारी कामगिरीवर असलेले गृहस्थ. पुढे कुटुंब बुखाऱ्यास राहावयास आले. वडिलांनी मुलासाठी एक उस्ताद कुरआनासाठी आणि एक साहित्यासाठी ठेवला. दहा वर्षांचा होईतो मुलाने दोन्हींत चांगली गती मिळविली.

पालकहो, यानंतर वडिलांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. त्या गावात एक भाजीविक्रेता होता. त्याला हिंदी अंकगणित, म्हणजे आपल्याच देशातून तिकडे गेलेली हिशेबाची पद्धत, उत्तम येत असे. या सरकारी अधिकाऱ्याने आपला मुलगा त्या भाजीविक्रेत्याकडे शिकावयास पाठविला. इल्म कोणाजवळ आहे हे त्यांनी पाहिले. त्याचा धंदा काय आहे हे पाहिले नाही.

पुढे नातिली नावाचे विद्वान घरी राहून मुलाला तर्कशास्त्र आणि भूमिती शिकवू लागले. युक्लिडच्या ग्रंथातील पहिली पाच-सहा प्रमेये उस्तादांनी समजावून दिली. उरलेला सारा ग्रंथ मुलाने आपला आपण सोडविला. नातिली गाव सोडून गेल्यावर त्याने वैद्यकाचे ग्रंथ हाती घेतले आणि सोळाव्या वर्षी तो रोगी तपासू लागला. रात्री दिव्याजवळ बसून वाचावे आणि एखादा प्रश्न सुटेनासा झाला की मशिदीत जाऊन नमाज पढावी व अल्लाहजवळ मदत मागावी, असा त्याचा क्रम होता.

मित्रांनो, एवढे वाचून तुम्ही म्हणाल की हा मुलगा जन्मतःच हुशार. त्याची आणि आमची बरोबरी कशी व्हावी? तर मग पुढची गोष्ट ऐका. अरस्तूचा तत्त्वज्ञानावरील एक ग्रंथ या हुशार मुलाला मुळीच कळेना. त्याने तो चाळीस वेळा वाचला. ग्रंथ पाठ झाला, पण अर्थ लागला नाही. शेवटी त्याने नाद सोडला. एके दिवशी असरच्या सुमारास तो पुस्तकांच्या बाजारात गेला असता एक दलाल एक ग्रंथ घेऊन त्याच्यापुढे आला. त्याने तो त्रासून परत केला. मालकाला पैशांची गरज आहे, तीन दिरहमला देतो, असे दलालाने सांगितले, तेव्हा त्याने तो विकत घेतला. तो निघाला अल्-फाराबीचा, अरस्तूच्या त्याच ग्रंथाचा हेतू उलगडून सांगणारा! घरी जाऊन वाचताच आजवर न कळलेले सारे उलगडले. दुसऱ्या दिवशी त्याने शुक्र म्हणून गोरगरिबांना दान केले.

यातून काय घ्यावे? एखादे पुस्तक समजले नाही, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. त्याच विषयावरचे दुसरे, सोपे पुस्तक शोधावे. ते बहुधा शेजारच्याच फळीवर असते.

याच सुमारास बुखाऱ्याचा अमीर नूह बिन मन्सूर आजारी पडला. दरबारच्या हकिमांचा इलाज चालेना, तेव्हा त्यांनीच या तरुणाचे नाव सुचविले. तो उपचारांत सामील झाला आणि दरबाराच्या सेवेत राहिला. पुढे त्याने अमिराकडे एक मागणे मागितले. ते ना धनाचे होते, ना जहागिरीचे. राजग्रंथालयात जाऊन वाचण्याची परवानगी त्याला हवी होती, आणि ती मिळाली.

त्या इमारतीत अनेक दालने होती. प्रत्येक दालनात पेट्या आणि पेट्यांत एकावर एक रचलेली पुस्तके. एका दालनात अरबी भाषा व काव्य, दुसऱ्यात फिकह, अशी विषयवार मांडणी होती. त्याने प्रथम ग्रंथांची यादी वाचली, हवे ते मागून घेतले. ज्यांची नावेही बहुतेकांनी ऐकली नव्हती असे ग्रंथ त्याने तेथे वाचले. अठराव्या वर्षापर्यंत त्याने त्या काळची सर्व शास्त्रे आपलीशी केली होती.

पुढचे आयुष्य मात्र सुखाचे गेले नाही. वडील वारले. इ. स. ९९९ मध्ये बुखारा सामान्यांच्या हातून गेले. गुरगंज, जुर्जान, रय, हमदान, इस्फहान असा त्याला प्रवास घडला. हमदानला तो वजीर झाला आणि पुढे एका किल्ल्यात सुमारे चार महिने कैदेतही राहिला. कैदेपूर्वी एका घरी लपून राहिलेला असताना त्याने ‘किताबुश्शिफा’ या प्रचंड ग्रंथाचा मोठा भाग लिहिला. संदर्भाला जवळ एकही पुस्तक नव्हते. जे पूर्वी वाचले होते तेच कामास आले. बुखाऱ्याचे ते ग्रंथालय पुढे जळाले, असे जुने चरित्रकार सांगतात. पेट्यांतले ग्रंथ गेले. त्याने वाचलेले राहिले.

त्याच्या ‘अल्-कानून’ या पाच भागांच्या वैद्यकग्रंथाचे बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो येथे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपच्या विद्यापीठांत तो कित्येक शतके शिकविला गेला. आपल्याकडच्या युनानी हकिमांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला. इ. स. १०३७ मध्ये हमदान येथे इब्ने सीनाचे निधन झाले. त्याची कबर तेथेच आहे.

मित्रांनो, तुम्हाला कोणा अमिराला बरे करावे लागणार नाही. वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे, ग्रंथपालांकडून यादी मागून घ्यावी, एवढेच तुमचे काम. आठवड्याला एक पुस्तक घरी न्या. त्याचे नाव आणि त्यातून कळलेली एक गोष्ट वहीत टिपून ठेवा. सहावीत सुरुवात केलीत, तर आठवी संपेपर्यंत ती वही शंभर पुस्तकांच्या पुढे गेलेली असेल.

आणि पालकहो, मुलाच्या अथवा मुलीच्या हाती क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक दिसले, की अभ्यास सोडून हे काय, असे रागावू नका. मुलीला तर मुळीच अडवू नका. पुस्तक फाटेल, हरवेल या भीतीने शाळेनेही कपाटाला कुलूप लावून ठेवू नये. फाटलेले पुस्तक पुन्हा बांधता येते. न वाचता गेलेली वर्षे परत आणता येत नाहीत.