परदेशस्थांचे नागरिकत्व आणि पंजाबराव

घटना समितीच्या काळात दुर्गजवळचे रसमडा आणि अमरावती जिल्ह्यातील पापळ ही गावे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात मोडत. पापळला १८९८ मध्ये जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख याच प्रांतातून समितीवर गेले. एडिंबरो व ऑक्सफर्डला शिकलेल्या या बॅरिस्टरला परदेशवास ठाऊक होता. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे चर्चेला आली, तेव्हा केवळ भारतातील जन्मावर मिळणारे नागरिकत्व त्यांना फारच स्वस्त वाटले. अन्य देशाचा नागरिक नसलेला हिंदू वा शीख कोठेही राहत असो, त्याला भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली. परदेशस्थांविषयीची आच खरी होती. निकष मात्र धर्माचा होता. सभागृहाने उपसूचना फेटाळली, हे योग्यच झाले. कलम ८ ने जन्मभूमी प्रमाण मानली: स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी फाळणीपूर्व भारतात जन्मले असल्यास परदेशातील भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिकत्व मिळू लागले. पंजाबराव पुढे केंद्रात कृषिमंत्री झाले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. परदेशस्थ नागरिकांचा मतदारयादीतील समावेश २०१० च्या कायदादुरुस्तीपर्यंत रखडला, आणि मतदानासाठी त्यांना आजही मायदेशातील केंद्रावर स्वतः यावे लागते.